दादाच्या पाठीमागे बसलेला तिसरीतला मुलगा

पत्रातला पेच: बडोद्याच्या एका ताईंचं पत्र आहे. दांडिया बाजारात जुन्या घरातल्या दोन खोल्या आणि राहणारी माणसं पाच. पाचवा म्हणजे थोरल्या जाऊबाईंचा मुलगा, वय वीस, नवसारीहून इंजिनिअरिंगला आलेला. त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे आणि रात्री जेवणं झाली की तो तिथे बसतो. एका खेळात लांबून गोळी मारली की चित्र संथ होतं आणि एक्स-रेमध्ये दिसावी तशी कवटी फुटताना दिसते. दुसऱ्या खेळात बांधून ठेवलेल्या माणसाचा दात पकडीने उपटताना ताईंनी पाहिलं. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा दादाच्या पाठीमागे दिवाणावर बसून हे सगळं बघतो. हल्ली तो जेवताना "हाड खरंच असं बाहेर येतं का?" असं विचारतो, रात्री एकटा बाथरूमला जात नाही, झोपताना आजीचा पदर धरून ठेवतो. यजमान म्हणतात, आपणही मारधाडीचे सिनेमे बघूनच मोठे झालो. सासूबाई म्हणतात, टीव्हीवरच्या रामायणातही डोकी उडायचीच की. पुतण्याला बोलावं तर जाऊबाई दुखावतील. ताई विचारतात: इतकी खरी वाटणारी हिंसा खेळात असणं हे अती नाही का? आणि हे बघून माझा मुलगा हिंसक होईल का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या मुलाबद्दलच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून वाचा. त्यांत त्याने कुणाला मारलं, ढकललं, शाळेतून तक्रार आली, असं कुठेच नाही. आहे ती भीती. तुम्ही प्रश्न विचारलाय तो उद्याच्या हिंसक मुलाबद्दल, आणि घरात आहे तो आजचा घाबरलेला मुलगा. या दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. पहिल्याची काळजी करत बसलात तर दुसऱ्याकडे दुर्लक्ष होईल.

हिंसक होण्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. यावर संशोधकांत वर्षानुवर्षं वाद आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एपीएने, २०१५ मध्ये हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांचा संबंध दिसतो असं म्हटलं. २०२० मध्ये त्याच संघटनेने स्पष्ट केलं की प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. चिडून ओरडणं, ढकलाढकली करणं वेगळं आणि कुणाचं डोकं फोडणं वेगळं, असा तो फरक आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हिंसक खेळ आणि आईवडिलांना जाणवणारी आक्रमकता यांचा संबंध सापडला नाही. तेव्हा तुमचा मुलगा मोठेपणी सुरा घेऊन फिरेल ही धास्ती सोडा.

पण या अभ्यासाचा आधार घेऊन "मग बघू दे की" असं कुणी म्हणालं, तर त्यालाही थांबवा. ती मुलं चौदा-पंधराची होती आणि त्यात मोजलं होतं ते त्यांनी स्वतः किती खेळलं ते. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि तो खेळतच नाही, नुसता बघतोय. गेममधल्या हिंसेवर बोलताना या बघणाऱ्याचा विचार जवळपास कुणी करत नाही.

पुतण्याच्या हातात माउस असतो. समोरचा शिपाई कुठून येणार याचा त्याला अंदाज असतो. वारा किती, श्वास कधी रोखायचा, गोळ्या किती उरल्या, यात त्याचं डोकं गुंतलेलं असतं. कवटी फुटली की त्याच्या लेखी तो नेम बरोबर लागल्याचा शेरा असतो. नको वाटलं तर एस्केपचं बटण त्याच्याच बोटाखाली. मागे दिवाणावर बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याला डाव कळत नाही, पुढे काय येणार ते कळत नाही, थांबवता येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती फक्त फुटणारी कवटी, तीही संथ गतीने आणि मोठी करून. २०१९ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट ११' हा मारधाडीचा खेळ बनवणाऱ्या चमूतल्या एका व्यक्तीने पत्रकारांना सांगितलं होतं की संदर्भासाठी जखमांची खरी चित्रं सतत बघून तिला भीषण स्वप्नं पडू लागली. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. पण खेळणं आणि बघणं यांत किती अंतर आहे, ते त्यातून लक्षात यावं.

सासूबाईंचा मुद्दा तसा वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. रामायण मालिकेत डोकी उडायची हे खरंच. पण उडालेल्या डोक्याच्या जागी दुसरं यायचं, बाण हवेत चमकत जायचे, आणि जखम आतून कशी दिसते ते कुणी दाखवत नव्हतं. अगदी लहान मुलं भेसूर दिसण्याला घाबरतात; राक्षसाचे दात, मोठे डोळे. सात-आठ वर्षांच्या आसपास भीतीची जात बदलायला लागते आणि "हे माझ्या बाबतीत होऊ शकतं का?" असा विचार सुरू होतो. दहा तोंडांचा रावण आपल्या घरी येणार नाही हे आठ वर्षांच्या मुलाला कळतं. पण हाड त्याच्याही शरीरात आहे. "हाड खरंच असं बाहेर येतं का?" हा तुमच्या मुलाचा प्रश्न नेमका तिथूनच आलाय. शरीर समजून घेऊ पाहणाऱ्या मुलाचा तो चांगला प्रश्न आहे. फक्त त्याचं उत्तर त्याला चुकीच्या पुस्तकातून मिळतंय.

आता "अती" चं बघू. तुम्ही केलेल्या वर्णनावरून दोन्ही खेळ ओळखता येतात. एक्स-रेचा प्रकार 'स्नायपर एलिट' मालिकेतला आहे. २०१२ च्या भागापासून ती त्यासाठीच प्रसिद्ध. दात उपटण्याचा प्रसंग २०१३ च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' मधला. अमेरिकेतली ईएसआरबी ही संस्था दोन्हींना 'एम', म्हणजे सतरा वर्षं आणि पुढे, असा शिक्का देते. माझं मत विचाराल तर या दोघांत दुसरा जास्त पुढे जातो, आणि रक्त तर त्यात पहिल्यापेक्षा कमी आहे. कारण पहिल्यात समोर बंदूक घेतलेला शत्रू आहे. दुसऱ्यात समोरचा बांधलेला आहे, आणि कुठलं हत्यार उचलायचं ते निवडून छळ स्वतःच्या हाताने पुढे न्यावा लागतो. लेखकांनी तो प्रसंग उपहास म्हणून लिहिला, असं त्याच्या बाजूने म्हटलं जातं. उपहास असेलही. तरी गोष्ट पुढे जायची तर बटण दाबणं भाग आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' या २००९ च्या खेळात विमानतळावर निरपराध प्रवाशांना मारण्याचा एक प्रसंग होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. पण तो वगळायचा का, हे खेळ आधीच विचारतो आणि वगळल्याने काही तोटा होत नाही. मला हे सभ्यपणाचं वाटतं.

म्हणून "किती रक्त?" या प्रश्नाने फार हाती लागत नाही. रक्ताचा रंग बदलणं तर सगळ्यात सोपं. आपल्याकडे २०२१ मध्ये आलेल्या 'बीजीएमआय' या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात ते हिरवं केलं होतं; गोळीबार होता तसाच. बघायचं ते हे: मारून झाल्यावर कॅमेरा तिथेच रेंगाळतो का, समोरचा असहाय असतो का, आणि क्रूरपणे मारलं तर जास्त गुण मिळतात का. तिन्हींना "हो" असेल तर मोठ्यांसाठीसुद्धा त्या खेळात काही फार शोधू नये. उलट 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या २०२० च्या खेळात एक जण पडला की त्याचे साथीदार त्याला नावाने हाक मारतात. हिंसा तिथे भयंकर आहे, आणि ती जड वाटावी अशीच रचलेली आहे. वीस वर्षांच्या मुलाने तो खेळला तर मी काही म्हणणार नाही. आठ वर्षांच्याने तो बघण्याचंही कारण नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि इथेच घरातली भांडणं अडतात.

तुमच्या यजमानांसाठी एक माहिती. सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, गेमला आपल्याकडे सरकारी शिक्का नाही. बघायचा तो परदेशी शिक्का. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात तो खेळाच्या पानावरच असतो, डबा असेल तर डब्यावर, मोबाइलवर प्ले स्टोअरमध्ये. युरोपच्या पेगी पद्धतीची शिडी लक्षात ठेवायला सोपी आहे. ७ म्हणजे नुसती सूचित, तपशील नसलेली मारामारी. १२ म्हणजे माणसांची मारामारी असेल तर ती खरी न वाटणारी. १६ म्हणजे खऱ्या आयुष्यात दिसेल तशी हिंसा. १८ म्हणजे बीभत्स हिंसा, बिनकारण हत्या किंवा असहाय माणसावर अत्याचार. पुष्कळ पालकांना हा आकडा खेळ किती अवघड आहे त्याचा वाटतो. "आमचा हुशार आहे, सोळाचा गेम सहज खेळतो" असं कौतुकही कानावर येतं. आकडा अवघडपणाचा नाही, आत काय दाखवलंय त्याचा आहे.

आता कामाचं. तुमचा निम्मा प्रश्न टेबल फिरवून सुटेल.

कॉम्प्युटरचं टेबल बहुधा भिंतीला लावलेलं असणार, म्हणजे पुतण्याची पाठ खोलीकडे आणि पडद्याचं तोंड सगळ्या घराकडे. ते उलट करा. पुतण्याची पाठ भिंतीला आणि मॉनिटरची पाठ खोलीकडे. टेबल भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे घ्यावं लागेल, म्हणजे खुर्ची मागे बसेल. त्याआधी वायरी मोजा. वीज आणि इंटरनेटची वायर नवी जागा गाठत नाही आणि बेत तिथेच फसतो. चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि वायर भिंतीच्या कडेने न्या; आजी रात्री उठतात. मॉनिटर नुसता थोडा तिरका करून भागत नाही, हल्लीचे पडदे बाजूनेही स्वच्छ दिसतात. पडद्यावर लावायचा प्रायव्हसी फिल्टर मिळतो, पण तो बाजूने बघणाऱ्याला अडवतो, नेमक्या मागे बसलेल्याला नाही. टेबल फिरवल्यावर रात्री दिवा मालवून एकदा दिवाणावर बसून बघा. भिंतीवरच्या तसबिरीच्या किंवा शोकेसच्या काचेत पडदा दिसत असेल तर ती काच हलवा.

मग आवाज. छोट्या घरात चित्रापेक्षा आवाज जास्त घुसतो, कारण आतल्या खोलीत दार लोटून झोपलेल्या मुलालाही तो ऐकू येतो. किंकाळी ऐकू आली आणि चित्र दिसलं नाही, तर चित्र मुलगा स्वतः तयार करतो आणि ते बहुतेक वेळा अधिक वाईट असतं. कान झाकणारा हेडफोन सक्तीचा ठेवा. तो लावूनही स्पीकर चालूच राहतात अशी तक्रार नेहमी येते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुटला हेडफोन निवडायचा राहून गेलेला असतो, नाहीतर स्पीकर वेगळ्या यूएसबीवर असतात. ते काढूनच ठेवावेत.

खेळाच्या आतल्या सेटिंगमध्येही बघायला सांगा. 'स्नायपर एलिट' मध्ये एक्स-रेचा कॅमेरा कमी किंवा बंद करता येतो. 'व्हॅलरंट' मध्ये रक्त आणि मृतदेह दाखवणं बंद होतं, 'कॉल ऑफ ड्यूटी' च्या अलीकडच्या भागांत अवयव तुटणं बंद होतं. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' मध्ये अशी सोय नाही. तो मुलगा जागा असताना लावायचाच नाही, एवढाच उपाय.

पुतण्याशी बोलायचं कसं? जाऊबाईंमार्फत तर मुळीच नको. नवसारीला फोन गेला की ती तक्रार होते, आणि वीस वर्षांच्या मुलाची आईकडे तक्रार केली की तो ऐकतो पण विसरत नाही. त्याला दुपारी, कॉम्प्युटर बंद असताना, चहा देऊन बसवा. "हे काय घाणेरडं खेळतोस" इथून सुरुवात केलीत तर तो स्वतःचा बचाव करत बसेल, आणि त्याचा बचाव पक्का आहे: खेळ सतरा-अठरावरचा, तो वीसचा. ते आधीच मान्य करून टाका. "तुझ्या खेळाबद्दल माझं काही नाही रे, तू मोठा आहेस. पण हा मागे बसून बघतो आणि रात्री बाथरूमला जायला घाबरतो. मला तुझी मदत हवी आहे." यातलं पुढचं वाक्य गाळू नका: "तो तुझ्यामागे खेळासाठी बसत नाही, तुझ्यासाठी बसतो." बहुतेक घरांत ही गोष्ट त्या दादाच्या लक्षातच आलेली नसते.

म्हणून नुसतं "तिकडे बसू नकोस" एवढं मुलाला सांगून दादा काढून घेऊ नका. जेवणाआधीचा अर्धा तास दोघांचा ठरवा. दोन गेमपॅड लागतील. 'ओव्हरकुक्ड' मध्ये दोघांनी मिळून घाईघाईत स्वयंपाक करायचा असतो, 'रॉकेट लीग' मध्ये गाड्यांनी फुटबॉल. दोन्ही एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतात, दोन्हींना पेगीचा ३, आणि 'रॉकेट लीग' फुकट आहे. सावधगिरी एवढीच की 'रॉकेट लीग' मध्ये अनोळखी लोकांशी होणारं चॅट बंद करून घ्या. शिक्क्याचा आकडा त्या बोलण्याची हमी देत नाही. मग मुलगा झोपल्यावर, समजा साडेदहानंतर, पुतण्याचा स्वतःचा वेळ. तो कधी हटकून साडेनवालाच बसेल, मित्रांचा डाव ठरलेला असेल. अशा दिवसांसाठी आधीच ठरवून ठेवा की त्या वेळी मुलगा आतल्या खोलीत असेल. नियम एकट्या पुतण्यावर टाकू नका. थोडा तुमच्याही वाट्याला येऊ द्या.

विंडोजमध्ये मुलासाठी वेगळं खातं काढा. मायक्रोसॉफ्टचं कौटुंबिक नियंत्रण फक्त मुलाच्या स्वतःच्या खात्याला लागू होतं. तो दादाच्या खात्यात शिरला की सगळं मोकळं. त्यामुळे पुतण्याने उठताना विंडोजची कळ आणि एल दाबून पडदा लॉक करायची सवय लावायची, आणि पिन स्वतःची जन्मतारीख ठेवायची नाही, कारण ती मुलाला पाठ असते. स्टीमच्या नियमांप्रमाणे तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं नसतं, तेव्हा ते काढूच नका. ज्या वाचकांची मुलं तेरा ओलांडलेली आहेत त्यांनी स्टीम फॅमिलीज जरूर वापरावं. मुलाला कुठले खेळ दिसतील आणि दिवसाला किती वेळ, ते दोन्ही पालकांना ठरवता येतं. आणि यूट्यूबकडे सगळ्यांनीच बघा. खेळ बंद केला तरी त्याच खेळातले मारण्याचे तुकडे जोडून केलेले व्हिडिओ एकामागून एक सुरू होतात. ऑटोप्ले बंद करा. फोन मुलाच्या हातात द्यायचाच असेल तर यूट्यूब किड्स.

बंदी हवी असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. तुमच्याच राज्यात राजकोट पोलिसांनी मार्च २०१९ मध्ये पब्जीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांना पकडलंही. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने पब्जी मोबाइल बंद केला, तो देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती बाहेर जाण्याच्या कारणावरून. हिंसेचा तिथे संबंध नव्हता. वर्षभरात तोच खेळ नव्या नावाने आला. सरकारने काय करावं तो वेगळा विषय आहे. तुमच्या दिवाणापर्यंत ते पोचणार नाही.

उरला मुलगा. "ते खोटं असतं, घाबरू नकोस" एवढ्याने भागत नाही. खोटं कसं बनवतात ते हाताने करून बघितलं की भीती लवकर सैल होते. हाड मोडल्याचा आवाज काढायला सिनेमावाले सेलरीचे देठ मोडतात. तुम्ही काकडी किंवा गाजर घ्या. खोलीतला पंखा बंद, फोन चार बोटांच्या अंतरावर, रेकॉर्डिंग सुरू, आणि गाजर कपड्यात गुंडाळून एका झटक्यात मोडायचं. कपड्यामुळे आवाज थोडा दबतो आणि खरा वाटतो. नुसतं मोडलं तर गाजर मोडल्यासारखंच ऐकू येतं. मग हेडफोनवर ऐकवा. ओल्या फडक्याने फरशीवर चापट मारली की झाला गुद्दा. पुतण्याला यात घ्या. इंजिनिअरिंगचा आहे, आवाज संथ कसा करायचा ते त्याला पाच मिनिटांत जमेल. आणि हाडाच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. हाड मोडतं, बहुतेक वेळा आतच मोडतं, डॉक्टर प्लास्टर घालतात, मुलांचं लवकर जुळून येतं. सोसायटीत किंवा शाळेत कुणाचा हात मोडला असेलच, त्याचं उदाहरण द्या.

बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावा आणि पहिले आठ-दहा दिवस सोबत जा, मग दारापर्यंत, मग खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. हसण्यावारी नेऊ नका. आजीचा पदरही काही दिवस राहू द्या. बघणं बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला हवा. महिना उलटूनही रोज वाईट स्वप्नं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू, किंवा शाळेत जायलाच नकार, असं असेल तर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक कुठूनही फुकट लागतो.

जाऊबाईंना मात्र कळवा, पण टेबल फिरवून झाल्यावर, आणि पुतण्यालाच फोनवर सांगू द्या की घरात गाजराची हाडं मोडणं चाललंय.